१२०० सीसीची रेघ: मजेची छोटी सेकंडहँड गाडी शोधताना सापडलेला इतिहास

आजचा भाग जरा घरगुती आहे. इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या बँक खात्यापासून होते. दोन वर्षं पैसे साठवले, साडेतीन लाख जमले आणि ठरवलं की गाडी घ्यायची. ऑफिसला जायला, भाजी आणायला, आणि रविवारी पहाटे ताम्हिणीत जायला, सगळ्याला एकच. अट एवढीच की चालवताना मजा आली पाहिजे.

घरी सांगितलं तर बाबांनी तो एकच प्रश्न विचारला, जो तुमच्याही घरी विचारला जातो. "अ‍ॅव्हरेज किती देते?"

मी म्हटलं, बाबा, गाडी ठरलीच नाही अजून. ते म्हणाले, "मग आधी अ‍ॅव्हरेज ठरव, गाडी आपोआप ठरेल."

मग मी शोधायला लागलो आणि एक विचित्र गोष्ट दिसली. चालवायला मजा येते म्हणून लोक ज्या छोट्या गाड्यांची नावं घेतात, त्यांतल्या बऱ्याचशा दोनच काळांतल्या निघतात. एक म्हणजे साधारण १९९९ ते २०१०. दुसरा २०१३ नंतरचा, तोही मोजक्या दोन-तीन मॉडेलांचा. मधे खड्डा. असं का? त्या काळात इंजिनिअर लोकांची हौस संपली होती का? तर नाही. उत्तर सापडलं ते अर्थसंकल्पाच्या भाषणात. पण तिथे जायच्या आधी थोडं लांबून येऊ.

जगात 'छोटी स्पोर्ट्स कार' म्हटलं की पहिलं नाव येतं माझ्दाच्या रोडस्टरचं, तिला मियाटा किंवा एमएक्स-५ पण म्हणतात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ती दाखवली. दोन सीट, उघडं छत, १.६ लिटरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, आणि वजन जेमतेम ९४० किलो. ताकद फार नव्हती, पण वजनच नसल्यामुळे ती गरजही नव्हती. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जपानमध्ये कॉलेजच्या पोरापासून रिटायर माणसापर्यंत सगळे ती सेकंडहँड घेतात आणि रोज वापरतात.

आपल्याकडे? ती अधिकृतपणे कधी विकायलाच आली नाही. आणि बाहेरून जुनी आणावी म्हटलं तर नियम असा की तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही, वर कस्टम ड्युटी इतकी की तेवढ्यात इथे नवी गाडी यावी. तेव्हा रोडस्टर हा विषय मोबाईलच्या वॉलपेपरपुरता.

पण युरोपातल्या ज्या लोकांना दोन सीटची गाडी परवडत नव्हती, त्यांनी दुसरा रस्ता काढला होता, आणि तो आपल्या कामाचा आहे.

कार्लो अबार्थ नावाचा माणूस. जन्म १९०८, व्हिएन्ना. रास वृश्चिक, म्हणून त्याच्या गाड्यांवर विंचू. तरुणपणी मोटरसायकलच्या रेस करायचा. १९४९ मध्ये त्याने इटलीत स्वतःची कंपनी काढली. कंपनी तरली कशावर, तर सायलेन्सरवर! युद्धानंतरच्या इटलीत लोकांकडे फियाटच्या चिमुकल्या गाड्या होत्या. नवी घ्यायला पैसे नाहीत, पण आहे तीच जरा जोरात पळावी ही इच्छा सगळ्यांना. अबार्थ त्यांना वेगळा सायलेन्सर द्यायचा, कार्ब्युरेटर द्यायचा, पुढे पुढे अख्खी गाडीच बदलून द्यायचा. आधी फियाट ६००, मग फियाट ५००. म्हणजे आपल्याकडे स्कूटरवर घर चालवणारा माणूस ज्या वर्गातला, त्या वर्गाची स्पोर्ट्स कार. १९६५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या तोंडावर, मोंझाच्या ट्रॅकवर विक्रम करायचा म्हणून या गड्याने गाडीच्या अरुंद कॉकपिटमध्ये मावण्यासाठी स्वतःचं वजन तीस किलो घटवलं, असं सांगतात. गाडी हलकी करून झाली, आता ड्रायव्हर हलका करा! १९७१ मध्ये कंपनी फियाटने विकत घेतली.

मग १९७५. फ्रँकफर्टच्या शोमध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय दाखवली. ही गाडी कंपनीतल्या काही मोजक्या लोकांनी सुरुवातीला वरिष्ठांना न सांगता, स्वतःच्या वेळात उभी केली होती. पाच हजार बनवू, खपल्या तर खपल्या, असा बेत होता. साध्या घरगुती गोल्फमध्ये १.६ लिटरचं, ११० पीएसचं इंजिन, वजन साधारण ८१० किलो. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. मागे सीट, डिकीत सामान, आणि तरी चालवताना हसू येणार. रोजच्या वापराची मजेची गाडी ती हीच, आणि मी शोधत होतो तीही हीच.

आता हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली गोल्फ जीटीआय साधारण ३.७ मीटर लांब. पहिली रोडस्टर चार मीटरच्या आत. दोन्हींचं इंजिन १.६ लिटर.

चला, आता कुर्ल्याला.

कुर्ल्याचं नाव यायला कारण आहे. वालचंद हिराचंद, मूळ सोलापूरचे, यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. तिथून फियाट ११०० निघाली, तिचीच पुढे पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. माझा मामा या कारखान्यात पेंट शॉपला होता. त्यामुळे आमच्याकडे फियाट हा शब्द घरच्या माणसासारखा घेतला जातो. मामा सांगतो की त्या काळात गाडी निवडायचा प्रश्नच नव्हता, नंबर लावायचा आणि वाट बघायची. तरीसुद्धा लोकांची हौस होतीच. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या धावपट्टीवर रेस व्हायच्या आणि तिथे ह्याच फियाट ११००, इंजिनं घासूनपुसून, पळायच्या. अबार्थने इटलीत केलं तेच आपल्या मेकॅनिकनी इथे केलं, फक्त त्यांच्या नावाचे लोगो बनले नाहीत.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९३ मध्ये झेन. झेनचं ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, ५० बीएचपी. आकडा ऐकून हसू नका. गाडी हलकी, स्टिअरिंग नेमकं. रॅलीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं ते उगाच नाही.

आणि मग ती मधली सोन्यासारखी वर्षं. १९९९ च्या शेवटी फोर्ड आयकॉन १.६. पाठोपाठ होंडा सिटीचं १.५ व्हीटेक, १०६ बीएचपी. आणि २००१ मध्ये फियाट पालिओ. तिचं १.६ लिटरचं मॉडेल, जीटीएक्स, १०० बीएचपी, जाहिरातीत सचिन तेंडुलकर, आणि बनायची कुठे? कुर्ल्यात! म्हणजे गोल्फ जीटीआयचा फॉर्म्युला, घरगुती हॅचबॅक आणि १.६ चं इंजिन, पंचवीस वर्षं उशिरा का होईना, पण एलबीएस रोडच्या परिसरातून बाहेर पडला. मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

ती खपली का? फारशी नाही. पेट्रोल प्यायची. शहरात दहाच्या आसपास अ‍ॅव्हरेज. म्हणजे बाबांच्या एका प्रश्नात गाडी बाद.

२००५ मध्ये स्विफ्ट आली, पेट्रोलचं १.३ लिटर इंजिन, ८७ बीएचपी, वजन एक टन. ही मात्र धो धो खपली. वाटलं असेल लोकांना, आता अशाच येत राहणार.

आणि मग २००६ चा अर्थसंकल्प. अर्थमंत्री पी. चिदंबरम. छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्युटी २४ टक्क्यांवरून १६ टक्के. चांगलीच बातमी होती ती. पण कर कमी करायचा तर आधी 'छोटी गाडी' म्हणजे काय ते कागदावर लिहावं लागतं. तर लिहिलं असं: लांबी चार मीटरपेक्षा जास्त नको, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत.

हिशोब करून बघा. कारखान्यातून निघताना चार लाखांची गाडी असेल, तर आठ टक्के म्हणजे ३२ हजार रुपये. त्या काळात गिऱ्हाईक पाच हजारांसाठी शोरूम बदलायचं. मग कोणती कंपनी १३०० सीसीचं इंजिन ठेवेल? ह्युंदाई गेट्झ १.३ ची होती, ती १.१ मध्ये आली. इंडिकाचं पेट्रोल १.२ वर आलं. होंडा जॅझ आपल्याकडे आली तीच १.२ घेऊन. स्विफ्टने सर्वांत जास्त तग धरला, पण २०१० मध्ये तीही १.३ सोडून १.२ वर गेली. सेडान गाड्यांची तर आणखी गंमत. चार मीटरमध्ये बसवायला त्यांच्या डिक्या कापल्या. इंडिगो सीएस बघा, किंवा २०१२ ची डिझायर बघा, ३९९५ मिलिमीटर. मागून पाहिलं की वाटतं, कुणीतरी दार लावताना शेपूट अडकली.

आता ते दोन आकडे आठवा. गोल्फ जीटीआय, ३.७ मीटर, १.६ लिटर. माझ्दा रोडस्टर, चार मीटरच्या आत, १.६ लिटर. जगातल्या या सगळ्यात गाजलेल्या दोन छोट्या गाड्या आपल्या नियमात 'छोट्या' ठरल्याच नसत्या. त्यांना मोठ्या सेडानच्या रांगेत उभं राहून कर भरावा लागला असता.

मी काही त्या नियमाच्या नावाने बोटं मोडणार नाही. आमच्या घरातली पहिली गाडी २००८ ची वॅगनआर. ती स्वस्त पडली ती याच नियमामुळे. तिच्यातून आजीला डायलिसिसला नेलं, तिच्यातून ताईची पाठवणी झाली. लाखो घरांत असंच झालं असेल. पण त्याच रेघेने दुसऱ्या बाजूला काय पुसलं, ते कुणी मोजलं नाही, एवढंच म्हणतोय. आणि ती रेघ अजून आहे बरं का. २०१७ मध्ये जीएसटी आला तरी तीच व्याख्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के. पेट्रोलची मर्यादा तीच: चार मीटर, १२०० सीसी.

रेघ असली की तिच्यावर पाय ठेवून उभे राहणारेही असतात. २०१३ मध्ये आपल्या चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनने पोलो जीटी टीएसआय काढली. इंजिन किती? ११९७ सीसी. तीन सीसी कमी! पण त्याला टर्बो लावला आणि १०५ पीएस काढले. नियम इंजिनचा आकार मोजत होता, ताकद नव्हे. आणि २०१५ मध्ये फियाटने तर रेघच ओलांडली. रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो, १३६८ सीसी टर्बो, १४५ बीएचपी, दिल्लीत एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. जास्तीचा कर भरून. दारावर तोच विंचू, व्हिएन्नाच्या त्या माणसाच्या राशीचा, शिरूर तालुक्यात चिकटवलेला. दोन्हीही आता बंद. पुंटो २०१९ च्या सुमारास गेली, पोलो २०२२ मध्ये.

तर मंडळी, माझ्यासमोर हा असा इतिहास आणि खात्यात साडेतीन लाख.

पहिली बघितली पोलो. एका डीलरकडे, नाव सांगत नाही. 'सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, ५४ हजार किलोमीटर'. चमकत होती. पण क्लच नसलेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं चामडं घासून चकाकत होतं. मी गाडीचा नंबर घेऊन सर्व्हिसचा इतिहास काढला. दोन वर्षांपूर्वीची शेवटची नोंद, ९८ हजार. मीटर मागे फिरवलेला. डीलर म्हणाला, "साहेब, सगळेच करतात." हे मला जास्त लागलं. त्यातून या गाडीचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचवाला. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर लाखांत खर्च. घेणार असाल तर थंड गाडी स्वतः चालू करा, ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला अर्धा तास रांगवा, आणि झटका बसतो का बघा. हायवेवर सगळ्याच गाड्या गुणी असतात.

अबार्थची किंमत सांगितली सव्वासहा लाख. चालवून पाहिली, ही चूक झाली. त्या रात्री झोप नाही.

तिसरी पालिओ. २००३ ची जीटीएक्स, चिंचवडला, एका निवृत्त काकांची. मामाला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याने बॉनेट उघडायच्या आधी दाराच्या कडेला आतून बोट फिरवलं, जिथे बाहेरून दिसत नाही तिथे. म्हणाला, "हा ओरिजिनल रंग आहे. आमच्या हातचा." मग बराच वेळ गप्प. काकांनी चहा मागवला. मी गाडी चालवली, आणि खरं सांगतो, तिसऱ्या गिअरला ते इंजिन जसं वर चढतं ना, ते आजच्या कुठल्याच नव्या छोट्या गाडीत मला सापडलं नाही. जड दार, रस्त्याला चिकटून बसणं, स्पीडब्रेकरवरून जाताना आवाज नाही.

पण परतताना मामाच म्हणाला, "घेऊ नकोस."

मी चिडलो. तो म्हणाला, "अरे, रविवारची गाडी असती तर मीच अर्धे पैसे दिले असते. तुला रोज जायचंय. उद्या हेडलाइट फुटली तर कुठून आणशील?" त्याचं खोटं नव्हतं. वीस वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी करायला आता दहा हजार फी, वर पर्यावरण कर, आणि आरटीओचं पासिंग. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ज्यासाठी त्या काळचे रबरी पाइप बनलेलेच नाहीत. आणि पार्ट्ससाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडची दुकानं पालथी घालायची. ज्या कुर्ल्यात गाडी बनली, तिथेच तिचे तुकडे शोधायचे.

शेवटी घेतली स्विफ्ट. २००९ ची, १.३ पेट्रोल. हो, तीच, रेघेच्या पलीकडची, जाण्याच्या एक वर्ष आधीची. नात्यातल्या नात्यात, एक लाख नव्वद हजारांना. रजिस्ट्रेशन आधीच्या मालकाने २०२९ पर्यंत करून घेतलेलं. उरलेल्या पैशांतून चारही शॉकअप, बुश, पेट्रोलचे पाइप, क्लच आणि चांगले टायर. टायरसाठी हात आखडता घेऊ नका, गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त तिथेच येतो. सगळं मिळून तीन लाखांच्या आत. पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतो.

पालिओएवढी ती घट्ट नाही. अबार्थएवढी जोरात तर नाहीच. पण एक टन वजन आणि मोकळं फिरणारं इंजिन, चांदणी चौक ओलांडून घाटाकडे वळलं की तिसऱ्या गिअरला ओढत राहावंसं वाटतं. रोज सकाळी ऑफिसला जाताना मी मुद्दाम एक वळण लांबचं घेतो. बाबांना अजून सांगितलं नाही. अ‍ॅव्हरेज बारा-तेरा आहे, तेही सांगितलं नाही. पण परवा दुधाची पिशवी आणायला चावी मागून घेतली आणि पाऊण तासाने आले. दूध कोपऱ्यावरच मिळतं.

बरं, चिंचवडच्या काकांचा मागच्या आठवड्यात मामाला फोन आला होता. पालिओ अजून उभी आहे. एक गिऱ्हाईक आलं होतं, पण स्क्रॅपच्या भावात मागत होतं, म्हणून काकांनी दिली नाही. मामाने मला विचारलं की सोसायटीत तुझ्या गाडीशेजारी अजून एक पार्किंग रिकामं आहे का. मी सेक्रेटरींशी बोलणार आहे.